ठाण्यातील उपदेशक वर्ग : वचन भरपूर, मंडळी थोडी

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमधील पाळक, वडील (म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ) आणि पाळक परगावी गेले की ऐनवेळी उपदेशाला उभे राहणारे आमच्यासारखे लोक यांच्यासाठी ठाण्यात दर शनिवारी एक प्रशिक्षण वर्ग चालतो. पवित्र शास्त्रातून उपदेश कसा करावा आणि मंडळीचे पुढारीपण कसे सांभाळावे, हे दोन्ही विषय त्याच्या माहितीपत्रकावर सारख्याच ठळक अक्षरांत छापलेले आहेत. प्रवेश आपल्या पाळकांच्या शिफारसपत्रावर मिळतो आणि बाहेर जाहिरात केली जात नाही, म्हणून आयोजकांचे नाव मीही येथे देत नाही. ज्यांना जायचे आहे त्यांना ते आपल्या मंडळीच्या कार्यालयातून सहज कळेल. मी ऐरोलीत राहते, महिला मंडळात आणि घरगुती प्रार्थनासभांत वचन सांगते, आणि पावसाळ्यात सुरू होऊन नाताळच्या आधी संपणारा हा वर्ग मी पूर्ण केला आहे. माझे मत आरंभीच सांगते. उपदेशाचा भाग इतका चांगला आहे की त्याच्या तोडीचे मराठीतील दुसरे प्रशिक्षण माझ्या पाहण्यात नाही. पुढारीपणाचा भाग मात्र, एक सत्र वगळता, उरकून टाकलेला आहे.

उपदेश शिकवण्याची त्यांची पद्धत साधी आहे, पण ती कडकपणे पाळली जाते. उपदेशकाने एखादे सुटे वचन न घेता पूर्ण उतारा निवडायचा आणि तो घरी अनेकदा मोठ्याने वाचायचा. ज्यांनी तो पहिल्यांदा ऐकला ते कोण होते, कोठे होते आणि कोणत्या अडचणीत होते, हे शास्त्रातूनच शोधून कागदावर उतरवायचे. मग त्या उताऱ्याचे म्हणणे एका वाक्यात लिहायचे आणि त्यानंतरच आपल्या मंडळीकडे वळायचे. या पद्धतीला आधार म्हणून नहेम्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय पहिल्याच शनिवारी वाचून घेतला गेला. पाणीवेशीसमोरच्या चौकात लाकडी मंचावर उभा राहून एज्रा नियमशास्त्र वाचतो, लेवी लोक त्याचा अर्थ उलगडून सांगतात, ऐकणारे रडू लागतात, आणि त्यांना सांगितले जाते की आज शोक करू नका, गोडधोड खा आणि ज्यांच्या घरी काही शिजले नाही त्यांना वाटे पाठवा. वाचणे, अर्थ सांगणे, ऐकणाऱ्याच्या मनाला भिडणे आणि शेवटी शेजाऱ्याच्या ताटापर्यंत पोहोचणे हा सगळा क्रम त्या एका अध्यायात असल्याने शिक्षकांना वेगळी व्याख्या द्यावी लागली नाही.

या पद्धतीचा कस यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायावर लागला. वर्गातील एका तरुणाने त्या अध्यायातील अकरावे वचन निवडले होते. देवाच्या मनातील संकल्प आपल्या हिताचे आहेत, तो आपल्याला आशा आणि भविष्य देतो, हे वचन आपल्याकडे दिनदर्शिकेवर, लग्नपत्रिकेवर आणि दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुलांच्या भेटकार्डावर हमखास असते. तरुणाने त्यावर नोकरी, बढती आणि नवे घर असा उपदेश तयार केला होता. शिक्षकांनी त्याला थांबवले नाही. त्यांनी फक्त मागचे दहावे वचन वाचायला सांगितले. तेथे बाबेलची सत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर मी तुमचा समाचार घेईन, असे आहे. मग त्याच्या आधीचा अठ्ठाविसावा अध्याय उघडला. त्यात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येईल, आणि यिर्मयाच्या मानेवरचे जू काढून मोडून टाकतो. म्हणजे लोकांना आवडेल अशी आशा देणारा हनन्या होता. यिर्मयाने मात्र बंदिवासात गेलेल्यांना पत्राने कळवले, की घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्ही नेले गेलात त्या नगराच्या हितासाठी झटा व प्रार्थना करा. पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांचे डोळे परतीच्या दिवसाआधी मिटणार होते. आशा खरी होती, पण ती नातवंडांच्या हाती पडणार होती.

यानंतर त्या तरुणाने तोच उपदेश पुन्हा लिहून आणला आणि मला वाटते, वर्गात ऐकलेल्या उपदेशांत तो सर्वोत्तम ठरला. त्याने तो थेट घणसोली आणि दिव्याच्या चाळींपर्यंत आणला. जालना, अहिल्यानगर, सोलापूर या जिल्ह्यांतून कामासाठी आलेली आपली कुटुंबे वर्षानुवर्षे येथे राहतात, पण मनाने गावीच असतात. मंडळीची वर्गणी गावच्या चर्चला जाते, मुलांचे बाप्तिस्मे गावी होतात, आणि ज्या शहरात रोजचे जगणे आहे त्या शहराच्या नळाच्या पाण्याबद्दल, शाळेबद्दल किंवा शेजाऱ्याबद्दल प्रार्थनेत एक शब्दही नसतो. यिर्मयाचे पत्र या लोकांना काय सांगते, हा प्रश्न त्याने सरळ विचारला. आधीच्या उपदेशात सगळ्यांना बरे वाटले असते. या उपदेशानंतर निदान दोघांनी आपल्या स्थानिक मंडळीचे सभासदत्व घेण्याविषयी विचारणा केली. उतारा पूर्ण वाचल्याने उपदेश अवघड होतो, रूक्ष होतो, अशी जी तक्रार आपल्याकडे केली जाते तिला यापेक्षा चांगले उत्तर मी ऐकलेले नाही.

सरावाच्या सत्रांची रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. प्रत्येकाला बारा मिनिटे मिळतात आणि वेळ संपली की घंटा वाजते, मग समोर निवृत्त पाळक असोत की कॉलेजात जाणारी मुलगी. उभे राहण्याआधी आपल्या उताऱ्याचे एक वाक्य चिठ्ठीवर लिहून शिक्षकांकडे द्यायचे. उपदेश संपला की ऐकणाऱ्या प्रत्येकाने आपल्याला समजलेले मुख्य म्हणणे एका वाक्यात लिहायचे आणि मग चिठ्ठ्या जुळवून पाहायच्या. बोलणाऱ्याची चिठ्ठी क्षमेबद्दल आणि ऐकणाऱ्यांच्या चिठ्ठ्या अर्ध्या उपासाबद्दल, अर्ध्या दानाबद्दल असतील, तर आवाजावर, हातवाऱ्यांवर किंवा दाखल्यांवर चर्चा करण्याची गरजच उरत नाही. भक्ती संपल्यावर दाराशी हात मिळवताना आपण सगळे एकमेकांना ‘वचन फार आवडले’ असे म्हणतो, आणि त्या वाक्यावर कित्येक उपदेशक आयुष्य काढतात. येथे ते वाक्य चालत नाही. बिरुयातील लोक पौलाचे बोलणेसुद्धा रोज शास्त्राशी ताडून पाहत होते, याची आठवण शिक्षक वारंवार करून देतात, आणि सरावाच्या तासाला त्यांनी स्वतःचा उपदेशही या चिठ्ठ्यांच्या कसोटीला लावला, हे मला विशेष वाटले.

एका पुस्तकातून क्रमाने उपदेश करण्यावर वर्गाचा भर आहे. त्यासाठी जुने दाखले दिले गेले: अंत्युखियात मत्तयाच्या शुभवर्तमानावर चौथ्या शतकातील उपदेशक योहान क्रिसोस्तोम यांनी दिलेली नव्वद प्रवचने आजही उपलब्ध आहेत; झ्युरिकमध्ये धर्मसुधारक उलरिख झ्विंग्ली यांनी १ जानेवारी १५१९ पासून मत्तयाच्या पहिल्या अध्यायाने आरंभ करून तो क्रम चालू ठेवला; जिनिव्हातून १५३८ मध्ये हद्दपार झालेले धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन १५४१ मध्ये परतले तेव्हा त्यांनी जेथे थांबले होते त्याच्या पुढच्या वचनापासून उपदेश सुरू केला. दाखले उत्तम आहेत, पण आपल्या मंडळ्यांचे वर्ष वेगळे असते. महिला रविवार, तरुण रविवार, कापणीचा सण, झावळ्यांचा रविवार, मंडळीचा वर्धापनदिन, पाहुणे वक्ते आणि नाताळचा सगळा महिना वजा केला, तर सलग रविवार फारसे मिळत नाहीत. उत्तर भारतीय मंडळीसारख्या संस्थांत वाचनांचा वार्षिक क्रमही ठरलेला असतो. शिवाय एकेक पाळक दोन-तीन ठिकाणच्या मंडळ्या सांभाळतात आणि आठवड्याला वेगळ्या ठिकाणी उभे असतात. क्रमवार उपदेश रविवारी न जमल्यास बुधवारच्या घरगुती सभेत करावा, हा उपाय वर्गातील एका भगिनींनी सुचवला, शिक्षकांनी नाही. आणि माझ्या अनुभवाने तोच सर्वांत व्यवहार्य आहे, कारण घरगुती सभेला तीच माणसे येतात आणि मागचा अध्याय त्यांना आठवत असतो.

उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) सेवेविषयी वर्गात जे सांगितले गेले ते मी प्रत्येक मंडळीच्या वडिलांना कळवू इच्छिते. वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात जणांनी बोलण्याची आपली रीत ही नव्या उपदेशकासाठी तयार शाळा आहे. उतारा छोटा असतो, वेळ ठरलेली असते, आणि बाकीचे सहा उद्गार इतरांकडे असल्यामुळे आपल्या हद्दीत राहण्याची सवय लागते. प्रत्यक्षात काय होते, ते सर्वांना माहीत आहे. पहिला वक्ता सातही उद्गार सांगून टाकतो, तिसरा पंचवीस मिनिटे घेतो, आणि ‘पूर्ण झाले आहे’ या सहाव्या उद्गाराची पाळी येईपर्यंत लहान मुले झोपलेली असतात. वर्गात आम्हांला सात उद्गार सात जणांत वाटून, आधी एकत्र बसून प्रत्येकाचे एक वाक्य ठरवून मगच बोलायला लावले. ती दुपार फार समाधानाची गेली.

अभ्यासासाठी दिलेली पुस्तिका हा या वर्गाचा कच्चा दुवा आहे. ती इंग्रजीतून उतरवलेली असावी, हे पहिल्या पानावरच जाणवते; वाक्ये लांबतात, क्रियापद कोठे सापडेल याचा भरवसा नसतो, आणि दाखल्यांत बर्फाची वादळे, धान्याची मोठमोठी कोठारे आणि अनोळखी खेळ येतात. हे टाळणे मुळीच अवघड नव्हते. वर्ग ज्या ठाण्यात भरतो त्याच ठाण्यात १३२१ मध्ये तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियस हे फ्रान्सिस्कन संघाचे चार साधू आपल्या साक्षीसाठी मारले गेले. त्यांचे सहप्रवासी जोर्डानुस यांनी ती हकीगत पत्रांतून लिहून ठेवली. साक्ष देण्याची किंमत समजावून सांगण्यासाठी आणखी दूर कशाला जावे? वर्गातील निम्म्या लोकांना ही हकीगत माहीत नव्हती आणि पुस्तिकेतही ती नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावात मूळ भाषांचा अभ्यास करून संपूर्ण शास्त्र सोप्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे वेचली, तोही दाखला नाही.

भाषांतरांबाबत मात्र शिक्षकांचे धोरण उदार आहे. वर्गात कोणाकडे घरातील जुने पवित्र शास्त्र होते, कोणाकडे सोप्या भाषेतील नवी आवृत्ती, आणि वसईहून येणाऱ्या एका कॅथलिक बंधूंकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल. तिन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून उतारा वाचण्याची सवय लावली गेली, आणि त्या निमित्ताने विल्यम कॅरी यांच्या सिरामपूरच्या छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला तेव्हापासूनचा प्रवास थोडक्यात सांगितला गेला. कोणती आवृत्ती खरी, या वादाला जागाच दिली नाही. आपल्या मंडळ्यांत त्या वादावर किती संध्याकाळी गेल्या आहेत, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या शांततेचे मोल कळेल.

मराठी ऐकणाऱ्याचा कान कीर्तनावर घडला आहे, याचा उल्लेख एका सत्रात आला. पूर्वरंगात एखादा अभंग घेऊन त्याचे निरूपण करायचे आणि उत्तररंगात त्याच निरूपणाला धरून आख्यान लावायचे, ही बांधणी उताऱ्याला धरून राहणाऱ्या उपदेशाच्या किती जवळची आहे, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अभंग, भजन आणि कीर्तन ही माध्यमे ख्रिस्ताच्या भक्तीसाठी किती सहजपणे वापरली, हे शिक्षकांनी सांगायला घेतले आणि चहाची वेळ झाली म्हणून तेथेच सोडले. या विषयाला एक पूर्ण शनिवार द्यायला हवा होता. शास्त्रातील कथा सांगताना आपले उपदेशक मुद्दा एक, मुद्दा दोन, मुद्दा तीन असे मोजत जातात आणि रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली हे सांगताना त्या शेतात ऊन होते की नाही हेही ऐकणाऱ्याला कळत नाही. कथेतून अर्थ उलगडण्याची रीत आपल्याच अंगणात असताना मुद्द्यांचा आकडा मोजण्याची सक्ती कशासाठी?

स्त्रियांना या वर्गात पुरुषांइतकीच सरावाची मिनिटे मिळतात आणि चिठ्ठ्यांत कोणी हात राखून लिहीत नाही, हे कौतुकाने नोंदवते. पुस्तिकेत मात्र ‘उपदेश शनिवारी रात्री पत्नीला वाचून दाखवावा’ अशी सूचना आहे. आम्ही भगिनींनी तो आपापल्या नवऱ्यांना वाचून दाखवला. निकाल संमिश्र आहेत.

आता पुढारीपणाविषयी. माहितीपत्रकावर निम्मी जागा घेतलेल्या या विषयाला वेळापत्रकात शेवटचे थोडे शनिवार मिळतात आणि त्यांतीलही काही तास निरोपसमारंभाच्या तयारीत जातात. सुरुवात बरी झाली. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील अध्यक्षाच्या, म्हणजे मंडळीवर देखरेख करणाऱ्याच्या, गुणांची यादी फळ्यावर लिहून घेतली आणि त्यांत शिकवण्याची हातोटी हे एकच कौशल्य आहे, बाकी सगळे स्वभावाविषयी, घराविषयी, पैशाच्या लोभाविषयी आणि बाहेरच्या लोकांतील नावलौकिकाविषयी आहे, हे दाखवून दिले. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातून कळपावर धनीपण न गाजवता त्याला कित्ता होण्याविषयी सांगितले. योहानाच्या तिसऱ्या पत्रातील, अग्रस्थानाची हौस असलेला दियत्रफेस आला तेव्हा वर्गात सगळ्यांच्या नजरा खाली गेल्या, कारण प्रत्येकाला आपापल्या कमिटीतला कोणीतरी आठवला असणार. परंतु येथून पुढे, म्हणजे असा माणूस मंडळीत असला तर वडिलांनी नेमके काय करावे या प्रश्नापाशी, सत्र संपले. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आधी एकांतात, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे असा क्रम स्पष्ट सांगितलेला आहे. तो वाचलासुद्धा गेला नाही.

आरंभी मी ज्याचा अपवाद केला ते एक सत्र पैशाविषयीचे होते, आणि त्याची स्तुती करताना मला हात आखडता घ्यायचा नाही. ते घेणारे गृहस्थ व्यवसायाने हिशेबतपासनीस आहेत आणि एका मंडळीचे खजिनदारही. त्यांनी करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय घेतला. यरुशलेमेतील गरीब विश्वासणाऱ्यांसाठीची मोठी देणगी गोळा करण्याच्या कामी पौल तीताबरोबर आणखी दोन बंधूंना पाठवतो, त्यांपैकी एक मंडळ्यांनी निवडून दिलेला असतो, आणि कारणही सांगून टाकतो, की या उदारपणाच्या कामात आमच्यावर कोणी दोष ठेवू नये, म्हणून प्रभूच्या दृष्टीने आणि माणसांच्याही दृष्टीने जे योग्य ते आम्ही आधीच पाहतो. प्रेषिताला जर साक्षीदार लागत होते तर आपल्या खजिनदाराला ते लागले म्हणून त्याचा अपमान होत नाही, एवढे सांगून त्यांनी थेट व्यवहाराला हात घातला. अर्पणाची थैली भक्ती संपताच, एकाच घरातील नसलेल्या दोघांनी, उघड्या दाराच्या खोलीत मोजावी. रक्कम नोटा व नाण्यांनुसार वहीत लिहून दोघांनी सही करावी. पैसे कोणाच्या घरी न नेता बँकेचा पहिला दिवस उजाडताच भरावेत. दशांशाच्या (उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या अर्पणाच्या) पाकिटांवरची नावे मोजणाऱ्यांनी बाहेर बोलू नयेत. मंडळीचा विश्वस्त निधी नोंदलेला असल्यास वार्षिक हिशेब तपासून घेऊन धर्मादाय कार्यालयात सादर करावा, विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अहवाल दाखल करावा. परदेशातील मित्राने मदत पाठवतो म्हटले तर २०१० च्या परकीय योगदान कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याखेरीज ती स्वीकारू नये, मग तो मित्र कितीही प्रेमळ असो. या शेवटच्या वाक्यावर मागच्या बाकांवर बरीच कुजबुज झाली.

त्या सत्रात उपदेश आणि व्यवस्थापन एकमेकांपासून वेगळे नव्हते. उतारा होता, पहिले ऐकणारे होते, एक वाक्य होते आणि ते वाक्य अर्पणाच्या टेबलापर्यंत पोहोचले होते. वर्गाने उपदेशासाठी शिकवलेली पद्धतच पुढारीपणाला लावली की काय घडते, याचे ते उदाहरण होते, आणि म्हणूनच बाकीच्या सत्रांत ती पद्धत का सोडून दिली याचे मला आश्चर्य वाटते. माझा मुख्य आक्षेप वेळापत्रकाबद्दल आहे असे वाटेल, पण तो त्याहून खोल आहे. हा वर्ग उपदेश करणे आणि मंडळी सांभाळणे ही दोन कामे मानतो, आणि त्यामुळे त्याच्या स्वतःच्याच दाखल्यांचा अर्धा अर्थ हातातून निसटतो.

कॅल्व्हिन पुढच्या वचनापासून सुरू झाले, ही गोष्ट आम्हांला क्रमवार उपदेशाचे उदाहरण म्हणून सांगितली. पण ते हद्दपार का झाले होते? प्रभुभोजन कोणत्या रीतीने द्यावे आणि मंडळीतील शिस्तीचा निर्णय कोणी करावा, यावरून नगरपरिषदेशी झालेल्या वादात त्यांनी १५३८ च्या ईस्टरला प्रभुभोजन देण्यास नकार दिला होता. परतल्यावर त्यांनी उपदेशाचा धागा उचलला हे खरे, पण त्याच वर्षी पाळक, शिक्षक, वडील आणि सेवक या चार सेवा ठरवून देणारी मंडळीची नियमावलीही परिषदेकडून संमत करून घेतली. केंब्रिजच्या चार्ल्स सिमियन यांचीही गोष्ट अर्धीच सांगितली गेली. होली ट्रिनिटी चर्चमध्ये १७८२ पासून १८३६ पर्यंत त्यांनी उपदेश केला, उपदेशाने पाप्याला नम्र करावे, तारणाऱ्याला उंचावावे आणि पवित्रता वाढवावी ही त्यांची कसोटी आम्ही वहीत उतरवून घेतली. परंतु आरंभीच्या काळात आसनांच्या मालकांनी आपली आसने कुलूपबंद केली, लोकांना वाटेत उभे राहून ऐकावे लागले, त्यांच्यासाठी सिमियन यांनी आणून ठेवलेली बाके चर्चच्या कारभाऱ्यांनी बाहेर फेकून दिली, आणि तरीही ते मंडळी न सोडता, कोणाशी हातघाईवर न येता वर्षानुवर्षे तेथेच राहिले, हे सांगायला वेळ उरला नव्हता. ठाणे-नवी मुंबईतील ज्या पाळकांना कमिटीने सभागृहाची किल्ली देण्यावरून रडवले आहे, त्यांना सिमियन यांची तीन कलमी कसोटी ऐकण्यापेक्षा ही बाकांची गोष्ट ऐकणे अधिक गरजेचे होते.

गृहभेटींचा विषयही असाच राहिला. मिलेत येथे इफिसच्या वडिलांचा निरोप घेताना पौल म्हणतो की मी तुम्हांला चारचौघांत आणि घरोघरी शिकवले. त्यातील ‘चारचौघांत’ या भागावर आमचे सगळे शनिवार गेले. आपल्या शहरांत घरोघरी जाणे पूर्वीसारखे सोपे राहिलेले नाही, हे मान्य आहे. नवरा-बायको दोघेही रात्री नऊला घरी पोहोचतात, औद्योगिक पट्ट्यातील कामगारांच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात, मोठ्या संकुलांत फाटकावरचा रखवालदार फोनवर होकार मिळाल्याशिवाय पाळकालाही आत सोडत नाही, आणि रविवारी मेगाब्लॉक असला की भक्तीलाच माणसे उशिरा येतात. नेमक्या याच अडचणींतून वाट कशी काढावी, हे शिकण्यासाठी आम्ही आलो होतो. ज्याच्या घरी आजारपण आहे, ज्याची नोकरी गेली आहे, जिच्या घरात मारहाण होते, त्यांच्या दारापर्यंत जो गेला नाही त्याने उताऱ्याचे पहिले ऐकणारे कितीही अचूक शोधले, तरी समोर बसलेले ऐकणारे त्याला अनोळखीच राहतात. शब्बाथ शाळेतील (मंडळीच्या धर्मशिक्षण वर्गातील) मुलांची सुरक्षितता, पाळकांच्या बदलीच्या वेळी होणारे गट, कमिटीच्या निवडणुका आणि वयस्कर सभासदांची रुग्णालयातील देखभाल हे विषय प्रश्नोत्तरांत विचारले गेले. उत्तर म्हणून प्रार्थना करण्याचा सल्ला मिळाला. तो सल्ला कोणी नाकारत नाही, पण यरुशलेमेतील विधवांना रोजच्या वाटपात डावलले गेले तेव्हा प्रेषितांनी प्रार्थनेबरोबर सात माणसेही निवडून घेतली होती.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. सभागृह ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला चालत जाता येईल इतक्या अंतरावर आहे आणि ट्रान्स हार्बर मार्गाने येणाऱ्यांना सोयीचे पडते. ते पहिल्या मजल्यावर असून उद्वाहक नाही, त्यामुळे गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी आधी कळवावे. दोन वयस्कर वडील याच कारणाने मध्येच थांबले. पंखे जोरात चालले की मागे आवाज पोहोचत नाही. दुपारचे जेवण शुल्कातच धरलेले आहे, घरगुती आहे आणि पोटभर मिळते. पाळकांना व विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत आहे, ती मागावी लागते, आपणहून सांगितली जात नाही. ग्रंथालय म्हणून जे कपाट दाखवले जाते त्यात मराठी पुस्तके एका फळीपुरतीच आहेत, परंतु ती घरी नेऊ देतात.

नव्याने वचन सांगू लागलेल्यांनी, तसेच बरीच वर्षे सांगत आलेल्या आणि कोणीच चूक दाखवत नाही अशा ज्येष्ठांनीही, हा वर्ग जरूर करावा. केवळ पुढारीपण शिकण्यासाठी येणाऱ्या वडिलांनी मात्र आयोजकांना आधी विचारून फक्त पैशाच्या सत्राला बसण्याची परवानगी मागावी. या वेळी दोघांना ती मिळाली होती. पुढचा वर्ग ईस्टरनंतर भरणार आहे. जाताना आपण पूर्वी केलेल्या एखाद्या उपदेशाची टिपणे सोबत ठेवावीत, कारण पहिल्याच शनिवारी ती मागितली जातात आणि शेवटच्या शनिवारी लाल शाईने भरून परत मिळतात.